येशूचे चमत्कार संदेष्ट्यांच्या वचनांसह वाचावेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाताळ किंवा ईस्टर जवळ आला की पुण्यात चमत्कारांविषयी दोन तऱ्हेचा मजकूर वाचायला मिळतो. एक रस्त्याकडेच्या फलकांवर असतो : आंधळे पाहतील, लंगडे चालतील, असाध्य रोग बरे होतील, सहकुटुंब या. दुसरा वृत्तपत्रांतल्या वाचकपत्रांत असतो : चमत्कार म्हणजे हातचलाखी किंवा भाबड्या लोकांनी रचलेल्या गोष्टी, विषय संपला. दोघांचे एकमेकांशी पटत नाही, पण गृहीत एकच धरलेले असते, की चमत्कार म्हणजे शक्तिप्रदर्शन. येशूचे चरित्र सांगणारी चारही शुभवर्तमाने (मत्तय, मार्क, लूक, योहान) वाचली तर वेगळेच दिसते. तिथे चमत्कार संदेष्ट्यांनी काही शतके आधी सांगून ठेवलेल्या वचनाला धरून येतो. ते वचन बाजूला काढले की उरलेला प्रसंग ख्रिस्ती माणसालाही नीट कळत नाही, आणि मग त्याचा बाजार मांडणे सोपे जाते. आपल्या वाचकांसमोर हा विषय थोडा तपशिलात मांडावा म्हणून हे पत्र.

या विषयाचे मूळ मत्तय ११:२-६ आणि लूक ७:१८-२३ या उताऱ्यांत आहे. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात आहे. हा तुरुंग म्हणजे मृत समुद्राच्या पूर्वेकडचा मखेरसचा किल्ला, असे जोसीफस हा पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार सांगतो. योहान आपल्या शिष्यांकरवी येशूला विचारतो : जो येणार आहे तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? येशू सरळ होय म्हणत नाही. लूकच्या म्हणण्याप्रमाणे त्याच घटकेला तो पुष्कळांना बरे करतो, अनेक आंधळ्यांना दृष्टी देतो आणि निरोप्यांना म्हणतो, जे पाहिले आणि ऐकले ते जाऊन योहानाला सांगा. पुढे सहा गोष्टी येतात. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, कुष्ठरोगी शुद्ध होतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठवले जातात आणि गरिबांना सुवार्ता सांगितली जाते.

ही कलमे जुन्या करारात, म्हणजे येशूच्या आधीच्या यहुदी धर्मग्रंथांत, शोधून पाहावीत. आंधळ्यांचे डोळे, बहिऱ्यांचे कान आणि हरणासारखा उड्या मारणारा लंगडा हे सगळे यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, यशया ३५:५-६ मध्ये आहे. मृत उठतील हे यशया २६:१९ मध्ये, आणि दीनांना सुवार्ता हे यशया ६१:१ मध्ये. कुष्ठरोग मात्र यशयाच्या या वचनांत कुठेच नाही. तो २ राजे, अध्याय ५ मधून येतो. अरामी सेनापती नामान अलीशा संदेष्ट्याच्या सांगण्यावरून यार्देन नदीत सात वेळा बुडी मारून शुद्ध होतो, ती कथा. नासरेथच्या सभास्थानात येशूने स्वतः तिचा दाखला दिला आहे (लूक ४:२७). म्हणजे योहानाला धाडलेला निरोप यशयाची वचने आणि अलीशाचे कार्य एकत्र करून बनला आहे. ज्याच्या तोंडी सतत यशया असे, त्या योहानाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नव्हता.

आता निरोपात काय नाही ते पाहावे, कारण खरी मेख तिथे आहे. यशया ६१:१ मध्ये दीनांना सुवार्ता सांगण्याबरोबरच बंदिवानांच्या सुटकेचे अभिवचन आहे. येशू पहिला भाग घेतो आणि दुसरा गाळतो, तोही तुरुंगात बसलेल्या माणसाला निरोप पाठवताना. तसेच यशया ३५:४ मध्ये देव सूड घ्यायला येईल असे आहे, आणि ६१:२ मध्ये सूड घेण्याच्या दिवसाचा उल्लेख आहे. नासरेथमध्ये ग्रंथपट वाचताना येशू नेमका त्या शब्दांच्या आधी थांबतो आणि पट गुंडाळून सेवकाच्या हाती देतो (लूक ४:१८-२०). योहानाचा सगळा उपदेश मात्र झाडाच्या मुळाशी ठेवलेल्या कुऱ्हाडीचा आणि न विझणाऱ्या अग्नीचा होता (मत्तय ३:१०-१२). त्याला वचनाच्या ज्या अर्ध्या भागाची वाट होती तो आलाच नव्हता. म्हणून त्याचा प्रश्न रास्त होता, आणि म्हणूनच उत्तराच्या शेवटी येशू म्हणतो की जो माझ्यामुळे अडखळत नाही तो धन्य. योहान पुढे सुटला नाही, त्याचा शिरच्छेद झाला. उरलेला अर्धा भाग ख्रिस्ती श्रद्धा येशूच्या दुसऱ्या आगमनाकडे सोपवते. चमत्कारांनी वचन पूर्ण झाले असे सांगणाऱ्या प्रत्येकाने हेही सांगायला हवे की ही पूर्तता सुरू झालेली आहे, संपलेली नाही.

मृत समुद्राजवळच्या कुमरानमध्ये मिळालेल्या हस्तलिखितांनी या उताऱ्यावर मोठा प्रकाश टाकला आहे. चौथ्या गुहेतल्या ४क्यू५२१ या क्रमांकाच्या तुकड्यांचा मजकूर फ्रेंच अभ्यासक एमिल प्युएश यांनी १९९२ साली प्रसिद्ध केला. हस्तलिखित सुमारे ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातले. त्यात आकाश आणि पृथ्वी देवाच्या मशीहाचे, म्हणजे त्याने पाठवायच्या अभिषिक्त तारकाचे, ऐकतील असे म्हटले आहे, आणि पुढे बंदिवानांची सुटका, आंधळ्यांना दृष्टी, वाकलेल्यांना सरळ करणे, घायाळांना बरे करणे, मृतांना जिवंत करणे आणि दीनांना सुवार्ता असा क्रम येतो. मृतांना उठवणे आणि दीनांना सुवार्ता या दोन गोष्टी यशयात एका ठिकाणी नाहीत, पण इथे त्या शेजारी शेजारी आहेत, अगदी मत्तय आणि लूकमध्ये आहेत तशा. येशूच्या आधीच काही यहुदी मंडळी ही वचने एकत्र करून वाचत होती, एवढे यावरून नक्की म्हणता येते. मात्र ही कामे मशीहा करील की स्वतः परमेश्वर, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कातडे फाटलेले आहे आणि व्याकरणाने कर्ता परमेश्वर निघतो. ख्रिस्ती वक्ते हा तुकडा दाखवताना ही अडचण गाळतात, ती गाळू नये.

कारण हीच अडचण यशया ३५ मध्येही आहे. तिथे मशीहा हा शब्दच नाही. तुमचा देव स्वतः येऊन तुमचा उद्धार करील, आणि तेव्हा आंधळ्यांचे डोळे उघडतील, असे ते वचन आहे. स्तोत्र १४६:८ सुद्धा आंधळ्यांना दृष्टी देणारा म्हणून परमेश्वराचेच नाव घेते. मोशे, एलीया, अलीशा यांच्या हातून अन्नाचे चमत्कार झाले, मृत मुले उठली, कुष्ठरोगी शुद्ध झाला, पण जन्मांधाला दृष्टी दिल्याचा एकही प्रसंग जुन्या करारात नाही. योहानाच्या शुभवर्तमानातला (हा योहान तुरुंगातला नव्हे) जन्मांध माणूस (९:३२) नेमका हाच मुद्दा धर्मगुरूंपुढे मांडतो. तेव्हा ख्रिस्ती दावा दिसतो त्याहून मोठा आहे. देवाने स्वतः जे करायचे होते ते येशू करतो, असा तो दावा आहे. तो मान्य करावा अथवा न करावा, पण त्याला हातचलाखीच्या पातळीवर आणून खोडण्यात अर्थ नाही.

इथे आपल्या शहरातल्या यहुदी बांधवांचा विचार करावासा वाटतो. कॅम्पातले लाल देऊळ १८६७ पासून उभे आहे, रास्ता पेठेतही सभास्थान आहे, आणि मराठी बोलणारे बेने इस्राएली तोच यशया वाचत आले आहेत. त्यांची परंपरा येशूला मशीहा मानत नाही आणि तिची कारणे भक्कम आहेत. तलवारींचे फाळ झाले नाहीत, राष्ट्रांतले युद्ध थांबले नाही, विखुरलेले इस्राएल तेव्हा एकत्र आले नाही. बाराव्या शतकातला थोर यहुदी धर्मशास्त्री मैमोनिडीस तर स्पष्ट लिहितो की मशीहाने चिन्हे आणि चमत्कार केलेच पाहिजेत असे समजू नये. तो दाखला देतो रब्बी अकिवाचा. इ.स. १३२ ते १३५ या काळात रोमनांविरुद्ध उठाव करणाऱ्या बार कोखबाला अकिवाने मशीहा मानले, आणि विद्वानांनी त्याच्याकडे चमत्कार मागितला नाही. म्हणजे 'चमत्कार केले म्हणून मशीहा' हे समीकरण यहुद्यांना कधीच आपोआप पटणारे नव्हते. नव्या कराराच्या लेखकांना हे ठाऊक असावे, नाहीतर प्रत्येक ठिकाणी वचन शोधून बाजूला ठेवण्याची त्यांना गरज काय होती?

जुन्या करारातले अनुवाद नावाचे पुस्तक तर चमत्काराविषयी सावधच करते. १८:१५ मध्ये मोशेसारखा संदेष्टा उभा राहील असे अभिवचन आहे. पाच जवाच्या भाकरी आणि दोन मासळ्यांत पाच हजार पुरुष जेवले आणि बारा टोपल्या उरल्या, तेव्हा लोकांना हेच अभिवचन आठवले (योहान ६:१४). अलीशाने २० जवाच्या भाकरींत १०० माणसे जेवू घातली होती (२ राजे ४:४२-४४), तीही पार्श्वभूमी होतीच. पण अनुवाद १३:१-३ सांगते की एखाद्याने दाखवलेले चिन्ह खरे ठरले तरी तो तुम्हाला दुसऱ्या देवांमागे नेत असेल तर त्याचे ऐकू नका. म्हणजे चमत्कार खरा निघाला म्हणून तो करणारा खरा ठरत नाही, हे बायबलच सांगते. आणि ज्या लोकांनी भाकरी खाल्ल्या ते बळजबरीने राजा करू पाहतात असे दिसताच येशू एकटा डोंगरावर निघून जातो (योहान ६:१५). चमत्कारसभांच्या व्यासपीठावर हे वचन वाचले जावे अशी फार इच्छा आहे.

फलकांवर बहुधा यशया ५३ मधली ओळ असते, त्याला बसलेल्या फटक्यांनी आपल्याला आरोग्य मिळाले या अर्थाची. तिचा वापर कसा चुकतो ते पाहण्यासारखे आहे. मत्तय ८ मध्ये येशू एका कुष्ठरोग्याला, मग शताधिपतीच्या चाकराला, मग पेत्राच्या सासूला बरे करतो, संध्याकाळी दारात रोग्यांची गर्दी होते, आणि तिथे मत्तय यशया ५३:४ उद्धृत करतो : त्याने आमचे विकार घेतले, आमचे रोग वाहिले. हे शारीरिक रोगांविषयीच आहे, यात शंका नाही. पण फलकावरची ओळ त्यापुढची, ५३:५ मधली. तिचा उपयोग पेत्राच्या पहिल्या पत्रात (२:२४) होतो, आणि तिथे विषय पापांचा आहे. मत्तयने आपले वचन कफर्णहूममधल्या त्या दिवसाला लावले. प्रत्येक विश्वासणाऱ्याचा प्रत्येक आजार आज संध्याकाळी जाईल असा नियम त्याने काढलेला नाही. नियम असता तर प्रेषित पौलाने आपल्या सहकारी त्रफिमाला मिलेत शहरात आजारी का सोडले असते (२ तीमथ्य ४:२०)? तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असे का लिहिले असते (१ तीमथ्य ५:२३)? स्वतः पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो गेला नाही (२ करिंथ १२:७-९). सभेत जो बरा होत नाही त्याला 'तुझा विश्वास कमी पडला' म्हणणारे या तिघांना काय म्हणतील? आजारी माणसाच्या माथी दोषाचे आणखी एक ओझे मारणे हे क्रौर्य आहे, आणि वचनात त्याला आधार नाही.

आता तपासणीविषयी. कुष्ठरोग्याला बरे केल्यावर येशू त्याला तीन गोष्टी सांगतो : कोणाला सांगू नकोस, जाऊन स्वतःला याजकाला दाखव, आणि मोशेने नेमलेले अर्पण कर (मार्क १:४४). हे अर्पण काय होते ते लेवीय १४ मध्ये सविस्तर आहे. याजक वस्तीबाहेर येऊन त्वचा पाहतो. दोन जिवंत शुद्ध पक्षी, गंधसरूचे लाकूड, किरमिजी सूत आणि एजोब नावाची वनस्पती मागवतो. एक पक्षी वाहत्या पाण्यावर मातीच्या भांड्यात मारला जातो. दुसऱ्याला त्या रक्तात बुडवून माणसावर सात वेळा शिंपडतात आणि तो जिवंत पक्षी मोकळ्या रानात सोडतात. माणूस कपडे धुतो, अंगावरचे सगळे केस काढतो, स्नान करतो आणि वस्तीत येतो, पण सात दिवस आपल्या तंबूबाहेर राहतो. सातव्या दिवशी पुन्हा मुंडण, या वेळी दाढी आणि भुवयाही. आठव्या दिवशी दोन कोकरे, एक वर्षाची मेंढी, तीन दशांश एफा सपीठ आणि एक लोग तेल. एक एफा म्हणजे साधारण २२ लिटर आणि लोग म्हणजे पाव लिटरहून थोडे जास्त. गरिबाला सवलत होती : एकच कोकरू, एक दशांश एफा सपीठ आणि दोन होले किंवा पारव्याची दोन पिले. रक्त आणि मग तेल उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला लावायचे. गालीलातून हे करायला यरुशलेमपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटर जावे लागे. आणि याजक हा येशूचा माणूस नव्हता. त्याला डाग दिसला असता तर त्याने 'अशुद्ध' म्हणून परत पाठवले असते. बरा झालेला माणूस स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, खर्च आणि वेळ घालवून, तपासायला जातो, आणि बरे करणारा मात्र जाहिरात नको म्हणतो. मत्तय १२:१५-२१ मध्ये ही 'कोणाला सांगू नका' ताकीदही वचनपूर्ती म्हणूनच नोंदली आहे : यशया ४२ मधला सेवक भांडत नाही, ओरडत नाही, रस्त्यात त्याचा आवाज ऐकू येत नाही. ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभारून घेतलेल्या सभांना हे वचन कुठे लावायचे ते आयोजकांनी सांगावे.

लेवीयातला 'कुष्ठरोग' आणि आजचा कुष्ठरोग एकच नव्हेत, हेही जाता जाता सांगायला हवे. तिथे तो कपड्यांवर आणि घराच्या भिंतींवरही येतो. आजचा कुष्ठरोग जिवाणूमुळे होतो, तो हॅन्सन यांनी १८७३ साली ओळखला. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफाझिमिन ही औषधे सहा किंवा बारा महिने नियमित घेतली की तो बरा होतो आणि सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळतात. त्याचे चट्टे बधिर असतात, दुखत नाहीत. त्यामुळे 'मला बरे वाटते' ही व्यासपीठावरची साक्ष इथे काहीच सिद्ध करत नाही, आणि त्या भरात गोळ्या थांबवल्या तर मज्जातंतूंची हानी चालूच राहते. फेफऱ्याच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर झटके परत येतात. इन्सुलिन सोडले तर जिवावर बेतते. याजकाकडे पाठवणाऱ्या येशूचे नाव घेऊन डॉक्टरकडे जाऊ नका असे सांगणे हा वचनाचा उघड विपर्यास आहे.

कायद्याची बाजूही स्वच्छ आहे. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात अंधत्व, बहिरेपण, कुष्ठरोग आणि पक्षाघात हे सगळे आहेत. अशा रोगांवर जादुई उपायांची जाहिरात करता येत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची याच शहरात २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली, त्यानंतर आलेल्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणे आणि फसवणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. दिवंगत संतांच्या चमत्कारांविषयी सांगणे, लिहिणे याला मात्र तोच कायदा मोकळीक देतो. हा कायदा ख्रिस्ती श्रद्धेच्या आड येतो अशी ओरड अधूनमधून होते, ती निराधार आहे.

'वचने मागाहून लिहिली' या आक्षेपाचे उत्तर थोडक्यात देता येते. कुमरानला १९४७ साली मिळालेला यशयाचा पूर्ण ग्रंथपट, सात मीटरहून लांब, ५४ स्तंभांचा, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला आहे. वचने आधीची, यात वाद नाही. उलटा आक्षेप जास्त गंभीर आहे, की वचनाला जुळावेत म्हणून प्रसंग रचले. शुभवर्तमानकारांनी प्रसंग सांगताना वचनांचे शब्द वापरले हे खरेच आहे. पण जुळवाजुळवच करायची होती तर यशयात नसलेला कुष्ठरोग यादीत कशाला घालायचा, बंदिवानांची सुटका का गाळायची, आणि योहानासारख्या साक्षीदाराचा संशय कशाला नोंदवून ठेवायचा? याने चमत्कार घडलेच असे सिद्ध होत नाही. तो श्रद्धेचा भाग आहे आणि तो तसाच राहील.

मराठी वाचकाला ही वाट नवीन नाही. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली आपले ख्रिस्तपुराण छापले, तेव्हा आधी जुन्या कराराचे ३६ अवस्वरूंचे (अध्यायांचे) पहिले पुराण रचले आणि मगच येशूचरित्राचे ५९ अवस्वरूंचे दुसरे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून मूळ भाषांवरून सबंध बायबल साध्या मराठीत आणले. नुसते नवा करार छापून भागले असते, पण त्यांनी यशयाही तेवढ्याच कष्टाने केला. कॅथलिक देवळांत तीन वर्षांच्या वाचनचक्रात, 'अ' वर्षाच्या आगमनकाळातल्या तिसऱ्या रविवारी, यशया ३५ आणि मत्तय ११ एकापाठोपाठ वाचले जातात. 'ब' वर्षाच्या सामान्यकाळातल्या २३व्या रविवारी यशया ३५ आणि मार्क ७ मधला बहिरा-तोतरा माणूस येतो.

आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी, की नाताळच्या पुरवणीत येशूच्या चमत्कारांवर लेख छापताना मूळ वचनाचा अध्याय-क्रमांक शेजारी द्यावा. सभांच्या आयोजकांना विनंती, की फलकावर यशया ३५ छापायचाच असेल तर चौथे वचनही छापा, आणि खाली एक ओळ घाला : चालू औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.

आपला नम्र,
बायबलचा एक मराठी अभ्यासक,
पुणे